बँक ‘सिबिल काढते’ तेव्हा

कर्जाचा अर्ज दाखल झाला की मंजुरी-नामंजुरीच्या बऱ्याच आधी एक गोष्ट घडते. बँक अर्जदाराचे नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ता आणि मागितलेली रक्कम पतमाहिती कंपनीकडे पाठवते आणि काही सेकंदांत त्या माणसाचा क्रेडिट रिपोर्ट बँकेच्या पडद्यावर उमटतो. शाखेतल्या भाषेत याला ‘सिबिल काढणे’ म्हणतात. रिपोर्ट बँकेकडे जातो तेव्हाच त्यात एका नव्या ओळीची भर पडते: कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकारच्या आणि किती रकमेच्या कर्जासाठी चौकशी केली. पुढे कर्ज मिळो वा न मिळो, अर्जदार ते घेवो वा नाकारो, ती ओळ तिथेच राहते. स्कोअरवर परिणाम करणारी ‘एन्क्वायरी’ ती हीच.

भारतात ही माहिती सांभाळणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांपैकी सिबिल सर्वांत जुनी. ती 2000 साली मुंबईत स्थापन झाली आणि तिचा स्कोअर 300 ते 900 या पट्ट्यात मोजला जातो. चारही कंपन्या पतमाहिती कंपन्या (नियमन) अधिनियम, 2005 या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतात. 2015 साली रिझर्व्ह बँकेने प्रत्येक बँकेला आणि वित्तकंपनीला चारही ठिकाणी सभासद व्हायला लावले. कर्ज आणि हप्त्यांची माहिती त्यामुळे चौघींकडे पोचते. चौकशीचे मात्र तसे नाही. बँकेने ज्या कंपनीकडून रिपोर्ट मागवला, तिच्याच दप्तरी चौकशीची नोंद होते. म्हणूनच एकाच माणसाच्या सिबिलच्या रिपोर्टमध्ये चार चौकशा आणि एक्सपेरियनच्या रिपोर्टमध्ये एकच, असे चित्र दिसते. त्यात चूक काहीच नसते.

रिपोर्ट पाहिला गेला की स्कोअर उतरतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर एका गुणानेही हलत नाही, मग तो रोज का पाहीना. कर्ज किंवा कार्ड आधीच चालू असलेली बँक आपल्या ग्राहकांचा अधूनमधून आढावा घेते, त्यानेही गुण कमी होत नाहीत. ‘तुमच्यासाठी 5 लाखांचे कर्ज आधीच मंजूर’ असे संदेश याच आढाव्यातून निघतात. या चौकशांना सौम्य म्हणतात. ग्राहकाने नवे कर्ज, नवे कार्ड किंवा कार्डाची वाढीव मर्यादा मागितली आणि त्या मागणीचा निर्णय करण्यासाठी संस्थेने रिपोर्ट मागवला, तर ती कठोर चौकशी. स्कोअरच्या हिशेबात तेवढीच धरतात. ‘आधीच मंजूर’ कर्जाच्या संदेशावर बोट टेकवून पुढे गेले की बऱ्याचदा नव्याने कठोर चौकशी होते. संदेशातल्या ‘मंजूर’ या शब्दावर फार विसंबू नये.

नुसते कर्ज मागितल्याबद्दल गुण का कापावेत, हा प्रश्न रास्त आहे. मागणे हा काही गुन्हा नव्हे. याचे उत्तर रिपोर्टच्या घडणीत सापडते. रिपोर्टमधली बाकीची सगळी माहिती मागची असते: कोणते कर्ज कधी घेतले, हप्ते वेळेवर गेले की नाही, कार्डाची किती मर्यादा वापरली. शिवाय ती उशिरा पोचते. अनेक वर्षे बँका महिन्यातून एकदाच माहिती पाठवत. जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेने हे काम पंधरवड्यावर आणले. तरीही आज मंजूर झालेले कर्ज रिपोर्टमध्ये दिसायला काही आठवडे जातात. चौकशी मात्र त्याच क्षणी नोंदली जाते. कर्जदार पुढे काय करणार आहे याची चाहूल देणारी रिपोर्टमधली ही एकमेव नोंद.

समजा, एका माणसाने सोमवारी एका बँकेतून, बुधवारी दुसऱ्या बँकेतून आणि शुक्रवारी एका ॲपवरून प्रत्येकी 3 लाखांचे वैयक्तिक कर्ज उचलले. शनिवारी तो चौथ्या संस्थेकडे गेला तेव्हा त्याच्या नव्या 9 लाखांच्या कर्जाचा रिपोर्टमध्ये मागमूसही नसेल. खाती स्वच्छ, हप्ते वेळेवर, स्कोअरही चांगला. दिसतील त्या फक्त पाच दिवसांतल्या तीन चौकशा. चौथी संस्था शहाणी असेल तर तेवढ्यावरूनच सावध होईल. एकाच संध्याकाळी गावातल्या पाच घरी उसने मागणाऱ्याकडे सहावे घर ज्या नजरेने पाहते, तीच नजर इथे आकड्यांत उतरली आहे. यामागे अनुभवही आहे. अमेरिकेत 1989 पासून वापरात असलेला फिको स्कोअर तयार करणारी कंपनी सांगते की रिपोर्टमध्ये सहा किंवा अधिक चौकशा असलेल्या माणसाची दिवाळखोरीत जाण्याची शक्यता एकही चौकशी नसलेल्याच्या आठपटीपर्यंत असू शकते. चौकशीमुळे कोणी बुडत नाही, हे खरे. पण बुडायला लागलेला माणूस बुडण्याआधी ठिकठिकाणी हात पसरतो आणि नोंद त्याची होते.

एका चौकशीने किती गुण जातात याचा ठरीव आकडा नाही. सिबिलने आपले गणित खुले केलेले नाही. पाच, दहा, वीस गुण असे जे आकडे फिरतात ते अंदाज समजावेत. फिकोच्या बाबतीत बहुतेकांचे एका चौकशीमागे पाचपेक्षा कमी गुण जातात, असे ती कंपनीच सांगते, आणि नव्या कर्जाशी संबंधित सगळ्या बाबींचे वजन तिथे एकूण स्कोअरच्या सुमारे 10 टक्केच आहे. भारतातही घटकांचा क्रम साधारण असाच आहे. हप्ते वेळेवर भरले की नाही ते पहिले, मग कर्जाचा बोजा आणि कार्डाचा वापर, मग पतइतिहासाचे वय आणि कर्जांचे प्रकार. चौकशा या यादीच्या शेपटाला. एक चुकलेला हप्ता पाच चौकशांहून जास्त नुकसान करतो.

मग कर्ज घेतल्यावर स्कोअर तीस-चाळीस गुणांनी घसरल्याच्या तक्रारी कुठून येतात? बहुतेक वेळा दोष चौकशीवर ढकलला जातो आणि खरे कारण वेगळेच असते. कर्ज मंजूर झाले की रिपोर्टमध्ये एक नवे खाते उघडते. त्यामुळे एकूण देणे वाढते, खात्यांचे सरासरी वय कमी होते आणि कर्ज विनातारण असेल तर तशा कर्जांचा वाटाही फुगतो. या तिन्ही गोष्टी चौकशीपाठोपाठ येतात आणि ग्राहकाला मोबाइलवर एकच घसरण दिसते. हप्ते नियमित जात राहिले की ही घसरण सहसा काही महिन्यांत भरून निघते.

सगळ्यांना चौकशीचा फटका सारखा बसत नाही. पंधरा वर्षे गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या, दोन जुनी कार्डे नीट वापरणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये दोन चौकशांची भर पडली तर त्या गर्दीत हरवून जातात. नुकती नोकरी लागलेल्या, एकच कार्ड असलेल्या तरुणाने फोन हप्त्यावर घेतला, दोन ॲपवर ‘पात्रता’ पाहिली आणि दुचाकीसाठी अर्ज केला, तर त्याच्या फाइलीत खात्यांपेक्षा चौकशाच जास्त होतात. पाहणाऱ्याला दुसरे काही दिसतच नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातले ‘शून्य टक्के व्याजा’चे हप्ते हेही कर्जच असते आणि त्यामागेही चौकशी होते, हे अनेकांना रिपोर्ट हाती आल्यावर कळते. ज्याने आजवर कर्जच घेतलेले नाही, त्याच्या रिपोर्टवर स्कोअरच्या जागी ‘एनएच’ ही अक्षरे येतात, म्हणजे इतिहास नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. महाराष्ट्रात पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्य सरकारनेही बँकांना वारंवार बजावले आहे. प्रत्यक्षात शाखेच्या पातळीवर हा वाद अजून मिटलेला नाही.

गुणांपेक्षा चौकशांची यादी जास्त नडते, कारण ती माणूस वाचतो. बँकेला मिळणाऱ्या सिबिलच्या रिपोर्टमध्ये चौकशांचा गोषवारा वेगळा काढलेला असतो: एकूण किती, गेल्या 30 दिवसांत किती, 12 महिन्यांत किती, 24 महिन्यांत किती आणि शेवटची कधी. खाली एकेक चौकशी संस्था, तारीख, प्रकार आणि रकमेसह असते. अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हे त्या यादीत कुठेच लिहिलेले नसते. पण कर्ज-अधिकाऱ्याला ते ताडता येते. मार्चमध्ये 4 लाखांच्या वैयक्तिक कर्जाची चौकशी आहे आणि जूनपर्यंत तशा रकमेचे खाते उघडलेले नाही, याचा अर्थ कर्ज नाकारले गेले किंवा अर्जदाराने सोडून दिले. अशा चार चौकशा ओळीने दिसल्या की सोडून दिल्याच्या शक्यतेवर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून 760 स्कोअर असलेल्या अर्जदारालाही ‘अलीकडे चौकशा फार आहेत’ असे उत्तर मिळू शकते. काही संस्थांच्या धोरणातच ठरावीक काळातल्या चौकशांची कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडली की यंत्रणा अर्ज आपोआप बाजूला काढते. चौकशी कशासाठी झाली, यालाही महत्त्व असते. गृहकर्जाच्या तीन चौकशा म्हणजे घर शोधणारे गिऱ्हाईक. वैयक्तिक कर्ज आणि झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या तीन चौकशा म्हणजे पैशांची चणचण.

या चौकशा नेहमी ग्राहकाच्या जाणीवपूर्वक निर्णयातून होतात असे मात्र नाही. गाडीच्या शोरूममध्ये हे रोज पाहायला मिळते. विक्री प्रतिनिधी पॅन, आधार आणि पगाराच्या स्लिपांच्या झेरॉक्स घेतो, दोन-तीन ठिकाणी सह्या घेतो आणि ‘फाइल लॉगिन करतो’ म्हणून आत जातो. ती फाइल एकाच वेळी चार बँका आणि वित्तकंपन्यांकडे जाते, कारण जिथून मंजुरी लवकर येईल तिथून गाडी लवकर सुटते. ग्राहकाच्या लेखी त्याने एकच गाडी घेतली आणि एकच अर्ज केला. रिपोर्टमध्ये एकाच दिवशी एकाच रकमेच्या चार चौकशा पडलेल्या असतात. कर्ज मिळवून देणारे एजंटही हेच करतात. त्यांना मंजूर झालेल्या फाइलवर कमिशन मिळते, ग्राहकाच्या रिपोर्टचे काय झाले याची झळ त्यांना लागत नाही. सही करण्यापूर्वी ‘फाइल कोणकोणत्या बँकांत जाणार?’ एवढे विचारले आणि एक-दोन नावांवर थांबायला सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो. प्रतिनिधी सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त स्वतःहून सांगत नाहीत.

वेगवेगळ्या बँकांच्या कर्जांची तुलना करून दाखवणाऱ्या ॲपमध्ये सीमारेषा आणखी पुसट असते. तिथे मोफत स्कोअर दाखवताना ग्राहकाच्या संमतीने त्याचाच रिपोर्ट त्याच्या वतीने मागवला जातो, ती चौकशी सौम्य. पुढच्याच पानावर ‘अर्ज करा’ हे बटण असते. ते दाबले की माहिती कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जाते आणि संस्थेने रिपोर्ट मागवला की कठोर चौकशी होते. दोन्हींसाठी ओटीपी एकाच पद्धतीने येतो आणि संमतीचा मजकूर कोणी वाचत नाही. तो वाचावा. रिपोर्ट कोण मागवणार आहे, ॲप की बँक, एवढे शोधले तरी पुरे.

सहकर्जदार आणि जामीनदारही यातून सुटत नाहीत. पती-पत्नीने मिळून गृहकर्जाचा अर्ज केला तर चौकशी दोघांच्याही नावावर पडते. मित्राच्या कर्जाला ‘फक्त सही’ देणाऱ्या जामीनदाराचाही रिपोर्ट काढला जातो आणि पुढे ते कर्ज त्याच्या रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून दिसत राहते. सोनेतारण कर्ज बँकेतून किंवा वित्तकंपनीतून घेतले तर तेही नोंदीत येते. पतसंस्थेतले बहुतेक व्यवहार, भिशी आणि हातउसने यांची मात्र इथे दखल नसते. पतसंस्थेत वीस वर्षे चोख वागलेला सभासद बँकेच्या दारात नवखा ठरतो, तो यामुळेच.

चौकशीच्या धास्तीने एकाच बँकेत जाऊन ती देईल तो व्याजदर घेणे, ही दुसऱ्या टोकाची चूक आहे आणि ती जास्त महाग पडते. 50 लाखांच्या गृहकर्जाचा 20 वर्षांच्या मुदतीचा हप्ता 8.75 टक्क्यांनी सुमारे 44,186 रुपये येतो, तर 8.5 टक्क्यांनी सुमारे 43,391. महिन्याला फरक 795 रुपयांचा, पण दर तोच राहिला तर 240 हप्त्यांत तो सुमारे 1 लाख 90 हजारांवर जातो. काही महिन्यांत भरून निघणाऱ्या चार-दोन गुणांसाठी एवढी रक्कम सोडून देण्यात काही अर्थ नाही.

तुलना करायची, पण ती अर्जाच्या आधी. बऱ्याच बँका आपल्या संकेतस्थळावर स्कोअरच्या पट्ट्यानुसार गृहकर्जाचे दर देतात. ग्राहकाने आधी स्वतःचा रिपोर्ट काढावा आणि स्कोअर, पगार, घराची किंमत हे आकडे घेऊन तीन-चार शाखांत तोंडी विचारणा करावी: साधारण दर किती, प्रक्रिया शुल्क किती, विमा सक्तीचा आहे का. या बोलण्याने कुठलीही नोंद होत नाही. पॅन देऊन संमतीवर सही केली की होते. दोन बँका पक्क्या वाटल्या की त्यांच्याकडेच आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने अर्ज करावेत. नकार आला तर लगेच तिसऱ्या दारात जाण्यापेक्षा नकाराचे कारण शोधणे बरे. 2005 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार बँकेने अर्जदाराबद्दल जी पतमाहिती मागवली, तिची प्रत त्याला बँकेकडून ठरलेले शुल्क भरून मागता येते. हा हक्क फारच थोडे लोक वापरतात. कारण न शोधता केलेला पुढचा अर्ज सहसा त्याच कारणाने पडतो आणि यादीत आणखी एक चौकशी जमा होते.

इंटरनेटवरचे सल्ले वाचताना एक भान ठेवावे लागते. त्यातले बरेच अमेरिकेतले असतात. तिथे घर, गाडी किंवा शिक्षणासाठी थोड्या दिवसांत अनेक बँकांत चौकशी केली तर फिकोच्या नव्या आवृत्त्या 45 दिवसांतल्या, जुन्या आवृत्त्या 14 दिवसांतल्या चौकशा मिळून एकच धरतात. क्रेडिट कार्डाला ही सवलत नाही. तिथे चौकशी रिपोर्टवर दोन वर्षे राहते, पण फिको गेल्या 12 महिन्यांतल्याच हिशेबात घेतो. हे नियम भारतात जसेच्या तसे लागू आहेत असे धरून चालू नये. उलट पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या माणसाला इथला 800 चा स्कोअर तिथल्या रिपोर्टमध्ये नेता येत नाही. तिथे त्याची सुरुवात कोऱ्या पाटीवर होते, आणि पहिल्या सहा महिन्यांत चार कार्डांसाठी अर्ज करण्याचा मोह तिथेही नडतो.

रिपोर्टमध्ये अनोळखी चौकशी दिसली तर प्रकरण गुणांपुरते राहत नाही. कोणीतरी त्या पॅनवर कर्ज काढण्याचा प्रयत्न करत असेल किंवा बँकेने चुकीच्या माणसाचा रिपोर्ट मागवला असेल. कधीकधी मात्र संस्थेचे नाव अनोळखी आणि चौकशी खरी असते. ॲपचे नाव एक आणि त्यामागे पैसे देणारी वित्तकंपनी दुसरी, असे सर्रास असते आणि रिपोर्टमध्ये कंपनीचे नाव येते. म्हणून आधी तारीख आणि रक्कम जुळते का ते पाहावे. चारही पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. चारही एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एकीकडून काढला तर वर्षभर नजर राहते. कर्ज देणाऱ्या संस्थेने रिपोर्ट पाहिला की संबंधित माणसाला एसएमएस किंवा ईमेलने कळवण्याचा आदेशही रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. त्यासाठी बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो.

खरी चौकशी पुसून मिळत नाही. ‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ असे सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये. चुकीच्या चौकशीची तक्रार पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य करता येते. कंपनी स्वतःच्या मर्जीने नोंद बदलू शकत नाही, तिला संबंधित बँकेकडून खातरजमा करून घ्यावी लागते. एकूण मुदत 30 दिवसांची, त्यातले 21 दिवस बँकेचे. तेवढ्यात निकाल लागला नाही तर 31 व्या दिवसापासून तक्रारदाराला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. त्यानेही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर 2022 पासून त्याच्या कक्षेत आहेत आणि तिथल्या तक्रारीला शुल्क नाही.